मधमाश्यांना सांगून झाले

ज्या वर्षी पोलोनाचा थोरला भाऊ येर्नेय एका दमात दोन नातींचा आजोबा झाला, त्या वर्षी तिच्या कामाची घडी जानेवारीतच विस्कटली. पाळणा रंगवून द्यायचे तिने कबूल केले होते, पण तो एक पाळणा. जुळ्या झाल्यावर येर्नेय दुसरा पाळणा पाठीवर घेऊन दारात उभा राहिला.

"अगं, एकावर फुलं आणि दुसरा कोरा, असं कसं चालेल? मोठ्या झाल्यावर पोरी कोर्टात जातील."

"ठेव तिकडे, मुखवट्यांच्या मागे," पोलोना म्हणाली.

"ठेव तिकडे" हे शब्द तिच्या घरात इतक्या वेळा बोलले गेले होते, की 'तिकडे' आता जागाच उरली नव्हती. नगरपालिकेच्या कागदावर तिच्या धंद्यापुढे 'स्वतंत्र कलाकार आणि लेखिका' असे लिहिलेले होते. गावाने त्याचा अर्थ असा लावला होता, की हिच्यावर कोणी साहेब नाही, म्हणून हिला कोणीही, केव्हाही, काहीही सांगावे. फेब्रुवारीत मुखवट्यांचा सण. मार्चमध्ये संत ग्रेगोरच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मुले ओढ्यात दिवे लावलेली कागदी घरे सोडत, ती चाळीस घरे. मग ईस्टरची अंडी. उन्हाळ्यात लग्नसराईची लाल पिठाची हृदये, आणि प्रत्येक हृदयावर चिकटवायला दोन ओळींचे प्रेम. डिसेंबरात संत निकोलसच्या दाढ्या. शिवाय मधेच कोणी वारले, तर त्याच्यावरचे भाषण. पोलोना यातले एकही काम टाळत नसे आणि एकही वेळेवर देत नसे. तिच्याकडचा मुखवटा सण उलटून उपास लागल्यावर मिळे, आणि ईस्टरचे अंडे मिळेपर्यंत ते घालणारी कोंबडी रश्शात गेलेली असे. तरी लोक पुन्हा तिच्याकडेच येत, कारण तिच्या हातचे गाढवही बघणाऱ्याकडे बघून हसे.

तिच्या वर्षाचा मुख्य आधार मात्र गाश्परकाकांच्या पाट्या. गावाच्या वरच्या अंगाला गाश्परचे मधघर होते. लाकडी खोपटे, आणि त्याच्या पुढच्या भिंतीत कपाटाच्या खणांसारख्या तीन ओळींत चोवीस मधपेट्या. प्रत्येक पेटीच्या फटीवर एक रंगीत पाटी. कुठे बेडूक कोल्ह्याची दाढी करतोय, कुठे गाढव शाळा चालवतेय, कुठे दोन बायका एका विजारीसाठी झोंबतायत. चित्र बघून माशीला आपले घर कळते. ऊनपावसाने रंग उडत, म्हणून जुन्या पाट्या दर हिवाळ्यात उतरत आणि वसंताच्या तोंडावर नव्या लागत.

"माशीला अक्षर कळत नाही, चित्र कळतं," गाश्पर म्हणे. "मलाही चित्रच आधी कळतं."

त्या फेब्रुवारीत गाश्परच्या खुब्याचे हाड बदलले आणि डॉक्टरांनी त्याला तीन आठवडे गरम झऱ्यांवरच्या आरोग्यधामात धाडले. जाण्यापूर्वी काठी टेकत तो पोलोनाकडे आला. त्याने एक कागद तिच्या हातात दिला. कोणत्या पेटीवर कोणते चित्र, एक ते चोवीस.

"नीट ऐक, पोलोना. जिथं बेडूक होता तिथंच नवा बेडूक. गेल्या वर्षी तू पाट्या एप्रिलात दिल्यास. माझ्या माश्या महिनाभर पत्ता नसलेल्या घरात राहिल्या."

"काका, गेल्या वर्षी मला..."

"गेल्या वर्षी तुला काय झालं ते गेल्या वर्षी ऐकलं. तीन आठवड्यांनी, सोमवारी मी परत येतोय. मी यायच्या आत पाट्या लागल्या नसल्या, तर पलीकडच्या खोऱ्यातला तो साचेवाला आहे. दिवसाला शंभर पाट्या छापतो. गाढवं सगळी सारखीच, पण वेळेवर."

गाश्पर साचेवाल्याकडे गेला की खोऱ्यातले बाकीचे मधपाळही त्याच्या मागे जाणार, हे नक्की. मग उरणार दाढ्या आणि कोंबड्या.

"आणि नऊ नंबर जपून," दारातून वळून गाश्पर म्हणाला. "ती पेटी अशक्त आहे. मूठभर माश्या उरल्यात. उन्हाळा बघतील असं वाटत नाही."

त्याने हे अशा आवाजात सांगितले, की पोलोनाला वाटले, घरातल्याच कोणाबद्दल बोलतोय.

पाट्या तिने खरोखर रंगवल्या, तिच्या मानाने वेळेवर. अडचण एकच झाली. मुखवट्यांचा सण संपतो त्या राखेच्या बुधवारी पुस्ताला, म्हणजे सणाच्या पेंढ्याच्या बाहुल्याला, पुरायचे होते. वर्षभराचे खाणेपिणे त्याच्या माथी मारून गाव त्याला नदीकाठी पुरते, आणि उपास सुरू होतात. पुस्तावरचे रडगाणे पोलोनाने लिहायचे आणि काळा कोट घालून तिनेच त्याची विधवा होऊन रडायचे, ही गेल्या बारा वर्षांची वहिवाट. त्या धांदलीत गाश्परचा कागद कुठे गेला तो गेला. तिने पाळण्यांत शोधला, मुखवट्यांत शोधला, खळीच्या भांड्याखाली शोधला.

गुरुवारी सकाळी ऊन पडले. छपरावरचे बर्फ टपटप गळू लागले, आणि पोलोना कुंचला टाकून उठली. असे ऊन म्हणजे मधमाश्यांचे पहिले उड्डाण. थंडीभर कोंडलेल्या माश्या आज बाहेर पडणार, आणि पाट्या अजून तिच्या ओट्यावर! रंगाचा अंगरखा खळीने लाकडासारखा ताठ झाला होता. खुंटीला हाताशी आला तो कालचा विधवेचा कोट. तोच तिने चढवला, पाट्या हातगाडीवर टाकल्या आणि चढ चढू लागली.

पोचली तेव्हा बारा वाजले होते आणि माश्या हवेत होत्या. क्रम आठवत नव्हता. बेडूक सहावर की सोळावर? गाढव नक्की वरच्या ओळीत. पण वरच्या ओळीत कुठे? शेवटी डोळ्यांना बरे दिसेल तसे तिने लावायला घेतले. लालाशेजारी निळे, रागीट बाईशेजारी शांत अस्वल. पाटी खुंट्यांवर बसवायची आणि बोटाच्या पेराने तीनदा ठोकायची, म्हणजे पक्की बसते. टक, टक, टक. मग पुढची.

थोड्याच वेळात परतणाऱ्या माश्यांचा गोंधळ उडाला. एक झुंड बेडकापुढे येऊन थबकली, गाढवाकडे गेली, पुन्हा बेडकाकडे आली. पोलोना पेटीजवळ तोंड नेऊन पुटपुटू लागली, "रागावू नका गं बायांनो. चुकलं माझं. घ्या सांभाळून." टक, टक, टक.

आता पोलोनाला जे दिसले नाही, ते असे. गाश्परच्या कुंपणापलीकडे तोंच्काचे अंगण होते. तोंच्का सत्तरीची विधवा. गाश्परशी तिचे आठ वर्षे बोलणे नव्हते, आणि त्याला कारण तिच्या चादरी. थंडीभर पोट आवळून बसलेल्या माश्या पहिल्या उड्डाणात सर्वांत आधी काय करतात, हे सांगायला नको; आणि हे त्यांना पांढऱ्या कापडावर करायला फार आवडते. दरवर्षी पहिल्या उन्हाला तोंच्का चादरी वाळत घाले आणि दरवर्षी त्यांच्यावर पिवळे ठिपके पडत. चादरी दुसरीकडे वाळत घालायची तिची तयारी नव्हती आणि माश्यांना शिस्त लावायची गाश्परची. तरी दर नाताळाला गाश्पर मधाची एक बरणी कुंपणावर ठेवी. ती तासाभरात नाहीशी होई आणि जानेवारीत धुऊन पुसून परत येई. बरणीवरून दोघांत कधी चकार शब्द निघाला नाही.

त्या दुपारी तोंच्का ठिपक्यांची चादर हातात घेऊन तणतणत कुंपणाशी आली आणि तिथेच थिजली. पोलोना उघड्या डोक्याने, पायघोळ काळ्या कोटात, एकेका पेटीवर तीनदा ठोकत होती आणि वाकून काहीतरी सांगत होती.

मालक वारला की काळे कपडे घालून प्रत्येक पेटीवर तीनदा ठोकायचे आणि मधमाश्यांना तसे सांगायचे. न सांगितल्यास त्या रुसतात, निघून जातात, मरतात. त्या खोऱ्यात हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत.

तोंच्काच्या हातातली चादर चिखलात पडली. ती तिने उचललीसुद्धा नाही.

तीनच्या सुमारास पोलोना घरी कागदी घरांच्या खिडक्या कापत होती, तेव्हा चर्चची घंटा वाजू लागली. एकेक ठोका, मधे मोठे अंतर. कोणीतरी वारले होते. 'आता भाषण,' तिच्या मनात आले. तोवर लोव्रेन्क दारात हजर. लोव्रेन्क चर्चची घंटा वाजवी आणि अग्निशमन दलाच्या बँडमध्ये तुतारीही वाजवी. त्यामुळे गावात काहीही झाले तरी त्याला श्वास कमी पडे.

"पोलोना," तो धापा टाकत म्हणाला, "गाश्परवरचं भाषण तुलाच करायचंय."

पोलोनाच्या हातातली कात्री खाली पडली.

"रड," लोव्रेन्क तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "रड, पोरी. दुपारपासून दाबून धरलं असशील."

दुपारपासून काय दाबून धरले होते ते पोलोनाला उमगले नाही, पण ती रडली. गाश्परने तिला पहिली पाटी दिली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिच्या गाढवाला पाच पाय झाले होते. त्याने ती पाटी तशीच लावली होती.

"आरोग्यधामातून फोन आला होता?" तिने नाक पुसत विचारले.

"मीच लावला ना. 'थोडं थांबा' म्हणाले, मग कोणी बोललंच नाही. नुसतं व्हायोलिन वाजत होतं. इतकं करुण, की मलाच भरून आलं. म्हटलं, अशा वेळी त्यांना तरी कशाला छळायचं? ठेवून दिला. मग गाश्परच्या मोबाइलवर लावला, तर तो त्याच्या बंद घरात वाजतोय. आम्ही खिडकीखाली उभं राहून ऐकला. कोणी उचलला नाही." लोव्रेन्कने टोपी काढली. "आणखी काय पुरावा पाहिजे?"

"आणि मधमाश्या? त्यांना..."

"त्यांना सांगून झालंय," लोव्रेन्क म्हणाला आणि तिच्याकडे मोठ्या आदराने पाहिले. पोलोनाला तो आदर भाषणासाठी वाटला.

तो गेल्यावर ती खिडक्या कापायच्या सोडून नुसती बसून राहिली. क्रम चुकलेल्या पाट्या आता कोणी तपासणार नाही, असा एक विचार मनात येऊन गेला. त्याची तिला इतकी लाज वाटली, की ती पुन्हा पहिल्यापासून रडली.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांनी गाश्परच्या अंगणात जमायचे ठरले. देह यायचा तेव्हा येईल, पण बँडला वेळ रविवारीच होता. शुक्रवारी आणखी एक बातमी घेऊन लोव्रेन्क आला.

"तोंच्का आज मधघरात गेली होती. म्हणाली, माश्यांना नुसतं मालक वारला सांगून कसं भागेल, नवा मालक कोण तेही सांगायला हवं. गाश्परच्या मागे तर कोणी नाही. तर तिनं प्रत्येक पेटीला सांगितलं, आता मी आहे तुमची."

"तोंच्कामावशी? त्या तर माश्यांना हगऱ्या म्हणतात!"

"आत्ताही तेच म्हणत होती. पण रडत म्हणत होती."

शनिवारी रात्रीपर्यंत पोलोनाची चाळीसपैकी अकरा घरे झाली होती आणि भाषणाची एक ओळ. हाताशी वेळ नव्हता, कोरा कागदही नव्हता. तिने बुधवारचे पुस्तावरचे रडगाणे पुढ्यात घेतले, नावे खोडली, टोमणे खोडले, जिथे "ढेरपोट्या" होते तिथे "कष्टाळू" घातले. कागद जागोजागी काळा झाला, पण ऐकायला गोड झाला.

रविवारी अंगण भरले. उपासाचे दिवस, म्हणून मांस नव्हते. पण लांब बाकावर शेंगांचे सूप होते आणि तोंच्काने भाजलेल्या, अक्रोड भरलेल्या गोड पावाच्या पाच गुंडाळ्या होत्या. एवढे अक्रोड तिने स्वतःच्या नवऱ्याच्या वेळीही फोडले नव्हते, असे दोघी-तिघी कुजबुजल्या. बँडने एक दुःखाचे गाणे वाजवले. पोलोना मधाच्या रिकाम्या खोक्यावर चढली. अंगावर तोच काळा कोट.

"आज आपण गाश्परला निरोप द्यायला जमलो आहोत," तिने वाचायला सुरुवात केली. "ऐंशी वर्षं हा कष्टाळू माणूस आपल्यात वावरला..."

मागे फाटकाशी कोणीतरी उशिरा आलेला म्हातारा टोपी हातात धरून उभा होता. पोलोनाने कागदावरून नजर उचलली नाही. खाडाखोडीत ओळ हरवली असती.

"...त्याने कोणाला कधी दुखावलं नाही..."

तोंच्का हुंदका देऊन म्हणाली, "दुखावलं की. पण ते असू दे."

"...आणि मंगळवारपर्यंत पोटाला तडस लागेस्तो सॉसेज हाणून, पिंपभर दारू ढोसून, उपासाला भिऊन तू पळून गेलास!"

ही ओळ खोडायची राहिली होती.

"मी कधी भ्यायलो उपासाला?" फाटकातला म्हातारा ओरडला. "आणि ऐंशी नाही, एकोणऐंशी! ऐंशी नोव्हेंबरात!"

सगळे वळले. लोव्रेन्कच्या तुतारीतून एक लांब, बेसूर आवाज आपोआप निघाला. गाश्पर काठी टेकत पुढे आला. डोक्यावर कापलेले केस, गालांवर आरोग्यधामाची लाली, एका हातात पिशवी.

"मला वाटलं, कोण मेलंय माझ्या अंगणात," तो म्हणाला. "म्हणून टोपी काढून उभा राहिलो. मग वाटलं, माणूस बरा होता बिचारा. मग नाव ऐकलं."

पाद्रीबाबा सर्वांत आधी सावरले. "गाश्पर, मेलेल्यांतून उठायचंच होतं, तर ईस्टरपर्यंत थांबायचं होतंस. अजून सहा आठवडे आहेत."

"पण तुम्ही उद्या येणार होता ना, काका?" पोलोना खोक्यावरूनच म्हणाली. दुसरे काही तिला सुचले नाही.

"तू पाट्या लावल्यास की नाही ते बघायला एक दिवस आधी आलो. तुझा काय भरवसा!" त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. "आता सांगा, मला मारलं कोणी?"

सगळ्यांनी लोव्रेन्ककडे पाहिले. लोव्रेन्कने तोंच्काकडे बोट दाखवले. तोंच्काने डोळे पुसायचा रुमाल तसाच धरून पोलोनाकडे दाखवला.

"हिनं! गुरुवारी भर दुपारी, हाच काळा कोट घालून! एकेका पेटीवर तीन-तीनदा ठोकून माश्यांना सांगत होती. माझ्या या डोळ्यांनी बघितलं!"

"मी पाट्या बसवत होते!" पोलोना किंचाळली.

"काळ्या कोटात?"

"अंगरखा खळीनं वाळला होता!"

कोणीतरी फिसकन हसले, मग बँडमधला ढोलवाला हसला, आणि मग ते हसू आवरेना. गाश्पर मात्र हसला नाही. त्याचे लक्ष तोंच्काकडे होते.

"आणि माझ्या माश्यांना दुसरा मालक सांगितला म्हणे. फाटकात ऐकलं. कोण तो?"

"मी," तोंच्का म्हणाली. आठ वर्षांनी ती त्याच्याशी बोलत होती आणि आवाज मुळीच बसला नव्हता. "तुझ्या मागे होतं कोण? उपाशी मारायच्या होत्या का?"

"मग आता त्यांना परत सांग. मी आहे म्हणावं."

"वा रे वा! मेलेला परत आला हे सांगायची रीत कुठली? तीनदा ठोकायचं, की चारदा? पाद्रीबाबा, आहे का काही?"

पाद्रीबाबांनी मान हलवली. अशी काही रीत त्यांच्या ऐकण्यात नव्हती.

"म्हणजे माश्या तुझ्या," गाश्पर म्हणाला. "आणि राहणार माझ्या घरात, फुकट?"

"आठ वर्षं माझ्या चादरींवर फुकट हगल्या, ते चाललं?"

"आता तुझ्या माश्या, तुझ्या चादरी. भांड आता स्वतःशीच."

तोंच्काने अक्रोडाच्या गुंडाळीचा जाड तुकडा कापला आणि त्याच्या हातात कोंबला. "खा. तुझ्याच मयताचं आहे."

तुकडा चावत गाश्पर मधघराकडे वळला. पोलोना खोक्यावरून उतरली. तिच्या दृष्टीने खरी वेळ आता आली होती. मेलेला माणूस जिवंत झाला याचा आनंद तिला झालाच होता, पण जिवंत माणूस पाट्या बघतो.

गाश्परने वरची ओळ पाहिली. मग मधली. मग खालची. चघळणे थांबले.

"बेडूक सहावर होता."

"हो, काका."

"आता सतरावर आहे."

"हो."

"कागद दिला होता मी."

"हरवला," पोलोना म्हणाली. खोटे बोलायला काही उरलेच नव्हते. "माश्या बाहेर होत्या तेव्हाच लावल्या. त्या चुकल्या, दुसऱ्यांच्या घरात शिरल्या. मी बघितलं. तुम्ही साचेवाल्याकडे जा, काका. माझं काही म्हणणं नाही."

गाश्पर पुढे सरकला. नऊ नंबरपाशी थांबला. तिथे आता पूर्वीच्या मेंढीऐवजी भांडणाऱ्या बायकांची झगझगीत लाल पाटी होती. त्याने कष्टाने गुडघा वाकवला आणि पेटीला कान लावला. बराच वेळ तो तसाच राहिला.

"तोंच्का," तो हळूच म्हणाला, "इकडे ये. कान लाव."

तोंच्काने कान लावला. "गुणगुणतायत की. पुष्कळ आहेत."

"मूठभर होत्या. परवा-परवापर्यंत मूठभर." तो उठायला लागला, आणि तिने त्याला दंडाला धरून उठवले. "शेजारच्या शिरल्या यात. चित्र चुकलं म्हणून शिरल्या आणि राहिल्या. चाळीस वर्षं माश्या पाळतोय, पण अशक्त घर भरायचं असेल तर पाट्या उलटसुलट लावाव्या, हे काही सुचलं नाही मला."

तो पोलोनाकडे वळला. आवाज पुन्हा कडक केला, पण नीट जमला नाही. "पाट्या आहेत तशाच राहू दे. माश्यांना आता सवय झाली. पुढच्या वर्षी वेळेवर दे."

"देते," पोलोना म्हणाली. आणखी बोलली असती तर तिसऱ्यांदा रडली असती.

सूप संपेपर्यंत सगळ्यांना कळले होते, की येत्या शनिवारी ओढ्यात सोडायची घरे अजून एकोणतीस बाकी आहेत आणि ती का बाकी आहेत. खोटा मृतात्मा जेवून उठला आणि म्हणाला, "माझ्यापायी राहिली. आणा इकडे." बँडने तुताऱ्या बाजूला ठेवल्या. त्या दुपारी अग्निशमन दलाने आणि पाद्रीबाबांनी गाश्परच्या बाकावर बसून खिडक्या कापल्या. लोव्रेन्कचे घर वाकडे झाले, तरी त्याने ते कोणाला सरळ करू दिले नाही.

शनिवारी तिन्हीसांजेला चाळीस घरे ओढ्यात उतरली, पोटात एकेक मेणबत्ती घेऊन. मुले काठाने ओरडत पळत होती. गाश्पर आणि तोंच्का पुलावर उभे होते, जवळ नाही, पण फार लांबही नाही. एक निळे घर पुलाखालून गेले आणि गाश्पर कठड्यावरून वाकला.

"पोलोना! त्या छपरावर माझं अक्षर आहे!"

खरेच होते. आतल्या उजेडाने छपराचा कागद उजळला होता आणि त्यावर ठसठशीत वाचता येत होते: सहा, बेडूक. नऊ, मेंढी. सतरा, शिकारी. पोलोनाने डोक्याला हात लावला. घर गिरक्या घेत वळणाआड गेले.

"जाऊ दे," गाश्पर म्हणाला. "ट्राऊट मासे वाचतील."

त्या वसंतात दोन अंगणांमधले कुंपण काढले गेले. माश्या कोणाच्या, हा वाद मिटला नाही. तो आता रोज सकाळी कॉफीवर होई. चादरी मात्र मधघराच्या मागच्या बाजूला वाळत पडू लागल्या. जुळ्यांचे पाळणे पोलोनाने ऑगस्टात पुरे केले, तेव्हा पोरी त्यांत मावत नव्हत्या. येर्नेयने त्यांत बटाटे ठेवले.

गाश्परने पोलोनाला एक पंचविसावी पाटीही सांगितली. तिच्यावर ती फजिती काढायची होती. खोक्यावर उभी काळी बाई, रडणारी तोंच्का, तुतारी, आणि फाटकात टोपी काढून उभा असलेला मेलेला.

"ही कधी पाहिजे, काका?"

"घाई नाही. ही झाली की मी मरायला मोकळा."

ही गोष्ट गावभर झाली. मग जो भेटे तो पोलोनाला दटावी, "पाटी सावकाश चालू दे, बरं का." आयुष्यात पहिल्यांदाच उशीर केल्याबद्दल लोक तिला अंडी आणून देऊ लागले. तिने पहिल्या वर्षी फाटक रंगवले, दुसऱ्या वर्षी तुतारी. तिसऱ्या वर्षी तुतारी पुसली आणि पुन्हा रंगवली. गाश्पर दर वर्षी येऊन पाटी बघे, मान डोलावी आणि म्हणे, "छान चाललंय. काही होत नाही."

त्यानंतर नऊ वर्षांनी, सात डिसेंबरला, मधपाळांच्या संत अंब्रोजच्या दिवशी, सकाळी कॉफी घेताना गाश्पर वारला. तो एकोणनव्वद वर्षांचा होता. मधमाश्यांना तोंच्काने सांगितले, आणि लोव्रेन्कने घंटेला हात लावण्यापूर्वी तिला तीनदा विचारून खात्री करून घेतली. पोलोनाच्या पाटीवर त्या दिवशी एक मधमाशी रंगवायची राहिली होती.